बर्फातून वाट काढणारी जहाजे



आपल्या सावरगावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. बर्फ म्हटला की आपल्याला आठवते ती संत्र्याच्या बागांवर पडणारी गारपीट, नाहीतर लग्नसराईत भुशात झाकून आणलेली बर्फाची लादी. पण पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिका खंडाभोवती, दरवर्षी समुद्रच गोठतो आणि त्या बर्फातून जहाजे जातात. ती कशी जातात, हे आज आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

प्रथम बर्फ समजून घेऊ. साधे पाणी शून्य अंशावर गोठते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते उणे 1.8 अंशाच्या आसपास गोठते. गोठताना बरेचसे मीठ बाहेर टाकले जाते आणि उरलेले खारे पाणी बर्फाच्या बारीक छिद्रांत अडकून राहते. त्यामुळे नवा समुद्री बर्फ काहीसा ठिसूळ असतो. हिमनग मात्र वेगळा. तो समुद्रात तयार होत नाही. जमिनीवर हजारो वर्षे साचून दबलेल्या हिमाचा तो तुटलेला कडा असतो. गोड्या पाण्याचा आणि दगडासारखा कठीण. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो.

हा भेद ओळखणे हा जहाजावर जीवनमरणाचा प्रश्न असतो. 'एक्सप्लोरर' हे लाल रंगाचे प्रवासी जहाज 1969 साली खास ध्रुवीय सफरींसाठी बांधले होते. 23 नोव्हेंबर 2007 रोजी ते अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आदळून बुडाले. समोरचा कठीण बर्फ नव्या बर्फासारखा समजला गेला, असे चौकशीत आढळले. जहाजावरील 154 माणसे काही तास होड्यांत कुडकुडत बसली. नंतर 'नॉर्डनॉर्गे' हे नॉर्वेचे जहाज आले आणि सर्वांचे प्राण वाचले.

बर्फ फोडणारे खास जहाज कुऱ्हाडीसारखे घाव घालत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचा पुढचा भाग उतरता असतो. जहाज बर्फावर चढते आणि आपल्या वजनाने त्याला वरून मोडते. सफरीची बहुतेक जहाजे एवढी बळकट नसतात. त्यांचे पोलाद जाड असते, पण त्यांची खरी शक्ती म्हणजे कप्तानाचे डोळे. उपग्रहाची चित्रे आणि रडार मदतीला असतातच. शिवाय दूरच्या ढगांचा खालचा भाग काळसर दिसला, तर तिथे मोकळे पाणी आहे आणि पांढरा चमकला तर बर्फ आहे, अशी जुनी खूण आजही उपयोगी पडते. फट दिसली की जहाज हळूहळू आत शिरते. बर्फ दाट झाला की वळून दुसरी वाट शोधते.

वारा फिरला तर हीच फट मिटते. डिसेंबर 2013 मध्ये 'अकादेमिक शोकाल्स्की' हे रशियन जहाज असेच अडकले. मदतीला गेलेले चीनचे 'श्युए लोंग' हे बर्फ फोडणारे जहाजही पुढे अडकून पडले. 2 जानेवारी 2014 रोजी 52 प्रवाशांना हेलिकॉप्टरने ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर नेले. काही दिवसांनी वारा बदलला, बर्फाला भेगा पडल्या आणि दोन्ही जहाजे आपापली बाहेर निघाली. आपल्या जाम नदीला पूर येतो, तेव्हा जाणती माणसे काठावर थांबून पाणी उतरण्याची वाट पाहतात. तेच शहाणपण तिथेही लागते.

आता आपल्या जवळची गोष्ट. 1943 साली नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत या समुद्रवैज्ञानिक. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करीत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली होती. डिसेंबर 1983 मध्ये 'फिनपोलारिस' जहाजातून तिसरी मोहीम निघाली, तेव्हा तिच्यात डॉ. पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले केंद्र उभे राहिले. पुढे ते हिमाखाली दबत गेले आणि 1990 मध्ये बंद करावे लागले. आज 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रे काम करीत आहेत.

डॉ. पंत यांचा विषय होता समुद्रातील अन्नसाखळी. बर्फाच्या तळाशी सूक्ष्म शेवाळ वाढते. ते खाऊन कोळंबीसारखे क्रिल जगतात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासे. म्हणजे हा बर्फ एक प्रकारचे शेतच आहे. हिवाळ्याच्या शेवटी तो भारताच्या पाचपटीहून अधिक क्षेत्रावर पसरतो, आणि फेब्रुवारीत साधारण भारताएवढा उरतो. फेब्रुवारी 2023 मध्ये मात्र तो 18 लाख चौरस किलोमीटरपेक्षाही खाली गेला. शेत आकसले तर त्यावर जगणाऱ्यांचे काय, हे शेतकऱ्याच्या मुलांना वेगळे सांगायला नको. तिथे एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवू नयेत, असा नियम आहे.

विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करावा. एका वाटीत साधे आणि दुसरीत खारट पाणी घेऊन दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवावे. कोणते आधी गोठते आणि कोणता बर्फ चमच्याने सहज खरवडला जातो, हे वहीत लिहून आणावे.

पालकांना आमची एक विनंती आहे. दहावीनंतर मुलीने विज्ञान घ्यावे की नाही, हा विचार अनेक घरांत चालतो. 'एवढे शिकून ती जाणार कुठे?' असे विचारले जाते. नागपूर आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे, आणि तिथे जन्मलेली मुलगी गोठलेला समुद्र ओलांडून गेली. या मोहिमांत डॉक्टर, स्वयंपाकी आणि यंत्र दुरुस्त करणारे कारागीरही लागतात. विश्वस्त मंडळाने प्रयोगशाळेकडे याच नजरेने पाहावे. मुलींनो, निर्णय होण्याआधी घरी हा लेख मोठ्याने वाचून दाखवा.