भिंत पडली, खण उभा राहिला

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराला ६.२ क्षमतेचा भूकंपाचा धक्का बसला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली.

जीव घेतला तो भिंतींनी. अडीच-तीन फूट जाडीची भिंत म्हणजे खरं तर ओबडधोबड दगडांचे दोन पदर आणि मध्ये माती-खडीचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच पदर सुटे झाले, वरून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, टनावारी माती कोसळली.

तरीही काही माळवदं तगली. जिथं लाकडी खांब आणि तुळया नीट सांध्यात बसल्या होत्या, तिथं भिंती ढासळल्या, पण खणावरचं, म्हणजे खांबांमधल्या जागेवरचं, छप्पर खांबांवर तोललेलं राहिलं. गवताच्या हलक्या झोपड्याही वाचल्या.

पुढं मजबुतीकरणात भिंतीचे दोन पदर एकमेकांना सांधण्याचं सूत्र धरलं गेलं: भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. लोकांनी मात्र दगडाचीच धास्ती घेतली. माझ्या मते दोष दगडाचा नव्हता, सांध्याचा होता.