माडाच्या आळ्यातला सेन्सर
पावसाळा सरला की मालवणात माड-पोफळीला शिंपणं आलं. किनाऱ्यालगतची रेताड जमीन पाणी धरून ठेवत नाही, आणि मुळाशी ओल किती हे वरून कळत नाही. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची 'ईएसपी ८२६६' ही चिप २०१४ मध्ये आली आणि ही ओल मोजणारं, वाय-फायवर चालणारं यंत्र घरच्या घरी बनवणं खिशाला परवडू लागलं. आळ्यातला सेन्सर ओल मोजतो, चिप आकडा मोबाइलवर पाठवते, रिलेमार्फत पंप चालू-बंद करते.

सेन्सर मात्र पारखून घ्यावा. उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज सोडतो; त्यानेच पट्ट्या झिजतात आणि आकडे भरकटतात. धारिता मोजणाऱ्या सेन्सरचं तांबं लेपाखाली असतं, माझ्या मते तोच घ्यावा. त्याच्याही कडा आणि वरचं सर्किट उघडंच असतं. तिथे इपॉक्सीचा हात द्यावा, नाहीतर खारा वारा डाग दिलेले सांधे खातो. आधी आपल्याच परसातल्या सुक्या आणि भिजवलेल्या मातीत आकडे पाहून ठेवावेत. दुसऱ्याच्या जमिनीचे आकडे इथे चालत नाहीत. पंपाची २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.