घोड्याच्या नाडीवर चालणारे घड्याळ

घोड्यांच्या शर्यतीविषयीच्या आपल्या कल्पना बहुधा मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरून घेतलेल्या असल्यामुळे, जो आधी पोहोचला तो जिंकला, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ऑबर्न गावी संपणाऱ्या टेव्हिस चषकाच्या शंभर मैलांच्या दौडीत, सर्वांच्या पुढे आलेला स्वारसुद्धा, त्याचा घोडा आणखी वाटचाल करण्यास समर्थ नाही असा निवाडा पशुवैद्याने दिला, तर रिक्तहस्ताने परततो. आजही एका अहोरात्रात घोडा शंभर मैल जाऊ शकतो, हे दाखविण्यासाठी वेंडेल रोबी या ऑबर्नच्या गृहस्थांनी १९५५ मध्ये ही दौड सुरू केली. चोवीस तासांची मुदत तेव्हापासून कायम आहे.

मात्र खरी हुकमत त्या मुदतीपेक्षा नाडीची. वाटेत रॉबिन्सन फ्लॅट व फॉरेस्टहिल या ठिकाणी एकेक तासाची सक्तीची विश्रांती असते, आणि तो तास स्वार दाखल झाल्यापासून नव्हे, तर घोड्याची नाडी ठरीव आकड्यापर्यंत, म्हणजे मिनिटाला साठ-चौसष्ट ठोक्यांपर्यंत, उतरल्यापासून मोजला जातो. (विश्रांत घोड्याची नाडी चाळिसाच्या आसपास असते.) समजा, एक स्वार भरधाव येऊन दहा मिनिटे आधी पोहोचला, पण नाडी उतरण्यास त्याच्या घोड्याला वीस मिनिटे लागली, आणि दुसरा अर्ध्या मैलावरच पायउतार होऊन, तंग सैल करून, घोड्याला सावकाश चालवीत आला व चार मिनिटांत पात्र ठरला, तर मागून आलेला हा स्वार सहा मिनिटे आधी पुढे निघतो. उतावळेपणाला शासन करण्यासाठी येथे वेगळा दंड आकारावा लागत नाही; नियमांच्या बाबतीत इतका मितव्ययी चातुर्याचा नमुना मला दुसरा आठवत नाही.

नाडीनंतर वैद्य मानेची कातडी चिमटीत धरून ती किती लवकर पूर्ववत होते ते पाहतो, हिरड्या दाबून रक्त परतण्यास लागणारा अवधी न्याहाळतो, पोटाला श्रवणनळी लावून आतड्यांची कुरकुर ऐकतो, आणि शेवटी घोड्याला दुडक्या चालीने नेऊन आणावयास सांगतो. बाद होणाऱ्यांत लंगडेपणाचे बळी सर्वांत अधिक असले, तरी अधिक धूर्त शत्रू घाम हा आहे. घोड्याच्या घामात क्षार इतके असतात की पाण्याबरोबर तेही भराभर वाहून जातात, आणि मग रक्त विशेष दाट न झाल्यामुळे शरीर कोरडे पडत असताही जनावराला तहान लागत नाही. म्हणूनच केरी रिजवे या पशुवैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोटीत, नाडी मोजून घोड्याला १२५ फूट दुडकत नेतात व परत आणतात, आणि दुडकी सुरू झाल्यापासून बरोबर एका मिनिटाने नाडी पुन्हा मोजतात. ती पहिल्या आकड्यावर न येता वर राहिली, तर बाहेरून तरतरीत दिसणाऱ्या प्राण्याच्या आत काहीतरी बिघडत आहे, असे वैद्य समजतो.

मार्गाची आखणी करणाऱ्याची खरी परीक्षा दऱ्यांत होते. अमेरिकन नदीच्या खोऱ्यातील त्या खोल दऱ्यांत दुपारचा उष्मा कोंडतो आणि तळाशी वाहन पोहोचत नाही. तेथे घोडा खचला तर त्याला वर आणण्याचा उपाय त्याचे स्वतःचेच पाय. त्यामुळे तपासणी उतरणीपूर्वी, कड्यावर, झाली पाहिजे. लास्ट चान्स येथून खाली उतरून पुन्हा डेव्हिल्स थंबचा चढ चढल्यावर, दुसरी दरी सुरू होण्याआधी, डेडवुडला वैद्य उभे असतात, ते याच हिशेबाने. या मार्गावर चढापेक्षा उतार अधिक आहे. नवख्याला ते सवलतीचे वाटते, परंतु उतारावर पुढच्या पायांच्या कंडरा व खूर जसे कुटले जातात तसे चढावर नाहीत. दौड पौर्णिमेच्या सुमारास ठेवतात, कारण फॉरेस्टहिलनंतरची अरुंद वाट बहुतेकांना रात्रीच कापावी लागते.

एवढी दक्षता घेऊनही निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच घोडे ऑबर्नला पोहोचतात. मुदतीत पोहोचून ज्याचा घोडा समर्थ ठरतो अशा प्रत्येक स्वाराला रुपेरी बक्कल मिळते. परंतु जाणकारांना अधिक लोभ असतो तो १९६४ पासून दिल्या जाणाऱ्या हॅगिन चषकाचा, कारण पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वोत्तम, त्याला तो मिळतो.

१९७३ मध्ये याच दौडीत गॉर्डन एन्सली या स्वाराचा घोडा वाटेत लंगडला. पुढल्या वर्षी त्याने घोड्यावाचून हीच वाट पायी धावून तेवीस तास बेचाळीस मिनिटांत संपविली. त्यातून माणसांची शंभर मैलांची शर्यत जन्मास आली, आणि तीत कित्येक वर्षे धावपटूंना टप्प्याटप्प्यावर थांबवून त्यांचे वजन घेण्यात येत असे. ते फार घटले, तर कितीही विनवण्या केल्या तरी पुढे जाण्याची परवानगी मिळत नसे.