गोल आटे: मळसूत्राची सोशिक जात

धार जिल्ह्यातील पीथमपूर आणि देवास ही माळव्यातील दोन मोठी औद्योगिक ठिकाणे. तेथे लेथवर काम शिकणाऱ्या मराठी मुलाच्या कानावर हिंदीतून ‘चूडी’ हा शब्द पडतो, आरेखनावर तो ‘थ्रेड’ वाचतो आणि घरी ‘आटे’ ऐकतो. शब्द तीन, पण वस्तू एकच: दांड्याभोवती ठरावीक अंतराने चढत जाणारी खाच. जुन्या मराठीत अशा रचनेला मळसूत्र म्हणत.

मात्र सगळे आटे एका आकाराचे नसतात. नेहमीच्या मेट्रिक बोल्टचे आटे त्रिकोणी असून त्यांच्या बाजूंमधील कोन ६० अंशांचा असतो. ते घट्ट आवळतात, पण त्यांच्या कडा ठेच लागताच दबतात आणि खाचेत माती बसली की नट अडतो. गोल आट्यांत माथा आणि तळ दोन्ही वाटोळे असतात. जर्मन मानकानुसार (डीआयएन ४०५) त्यांच्या बाजूंमधील कोन ३० अंशांचा असतो. ४० मिमी व्यासाच्या दांड्यावर एका इंचात सहा आटे येतात. म्हणजे दोन आट्यांमधील अंतर सुमारे ४.२३ मिमी, खोली सुमारे २.१ मिमी आणि गोलाईची त्रिज्या जवळजवळ १ मिमी.

याचे ठळक उदाहरण रेल्वेत दिसते. जुन्या बांधणीचे प्रवासी डबे स्क्रू कपलिंगने जोडतात. त्याच्या दांड्यावर एका बाजूला उजवे आणि दुसऱ्या बाजूला डावे आटे असतात. मधला दांडा फिरवला की दोन्ही नट एकमेकांजवळ येतात आणि डबे ओढले जातात. धूळ, पाऊस आणि हादरे सोसूनही ते हाताने फिरले पाहिजे, म्हणून तेथे गोल आटे. नव्या एलएचबी डब्यांना वेगळे, मध्यवर्ती कपलिंग असते. आट्यांच्या बल्बची टोपीही गोल आट्यांचीच. पातळ पत्र्याला दाबून तीक्ष्ण कडा देणे अवघड, गोलाई सोपी.

या सोशिकतेची किंमतही आहे. गोल आट्यांत नट आणि दांडा यांच्या बाजू एकमेकींना थोड्याच उंचीवर टेकतात, त्यामुळे अचूक मापाच्या सरकत्या कामाला ते चालत नाहीत.

शिकाऊ कारागिराने एक गोष्ट मात्र विसरू नये. झिजलेला गोल आटा टोकदार टूलने ‘साफ’ केला, तर तळाशी तीक्ष्ण कोपरा उरतो. ताण तेथेच एकवटतो आणि वारंवार ओढ बसली की तडा तेथूनच जातो. म्हणून टूलचे टोकही आट्याच्याच गोलाईचे घासून घ्यावे लागते. ‘चूडी’ म्हणा की ‘आटे’, त्यामागे ‘गोल’ हे विशेषण उच्चारले गेले पाहिजे. त्या एका शब्दावर डब्यांची जोडणी टिकून असते.