खोळंबा सरकत गेला

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणाऱ्याला नवं यंत्र घ्यायचं असलं की पहिला प्रश्न ठरलेला: तासाला किती निघतात? विकणारेही तोच आकडा ठळक छापतात. पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली या कामाची अवजारं एका ओळीत मांडून पाहिली की दिसतं, वेग वाढवणाऱ्या कुठल्याच यंत्राने खोळंबा संपवला नाही. त्याने तो पुढच्या टप्प्यावर ढकलला. आपला वेळ नेमका कुठे जातो हे ज्यांनी आधी पाहिलं, त्यांची निवड टिकली.

काडतूस पुन्हा भरता येतं ते पितळी पुंगळीमुळे. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, ती पेटवणारी छोटी टोपी, म्हणजे प्राइमर, संपतो. पुंगळी हातात राहते, आणि सहसा काडतुसातला सगळ्यात महाग भाग तोच. बाराच्या दाबाने ती फुगलेली असते. तिला पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मापावर आणायचं, जुना प्राइमर काढायचा, नवा बसवायचा, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाचा प्राइमर अमेरिकेत रुजला, हे या छंदाचं भाग्य. त्याच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे आतून सळई रेटली की जुना प्राइमर बाहेर पडतो. युरोपात चाललेल्या बर्डन पद्धतीत छिद्रं सहसा दोन आणि बारीक, म्हणून तिथे हेच काम किचकट. गंमत अशी की बर्डन अमेरिकन होता.

पॉइंट टू-टूच्या काडतुसाला यातलं काहीच लागू नाही. त्याचं पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीतच भरलेलं असतं, ते एकदा फुटलं की विषय संपला. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच जातीच्या रायफलीवर. शिवाय भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूस बनवणं गुन्हा आहे. म्हणून आपल्याकडे हा छंद घराघरात रुजला नाही.

अमेरिकेत सुरुवात झाली ती चिमट्यापासून. जॉन बार्लोने १८८४मध्ये कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ कंपनी काढली आणि खिशात मावेल असं पकडीसारखं अवजार विकायला आणलं. १९२५मध्ये ती ‘लायमन’ या कंपनीकडे गेली आणि तो चिमटा पुढे ‘३१०’ या नावाने अनेक दशकं विकला गेला. त्यात खोळंबा होता मनगटाचा. रायफलीची लांब, फुगलेली पुंगळी अख्खी दाबायची ताकद हातात नसते, म्हणून चिमटा फक्त तिचा गळा आवळायचा.

ती ताकद बाकावर बसवलेल्या प्रेसने दिली. दुसऱ्या महायुद्धात शिकारीच्या गोळ्यांचा दुष्काळ पडला आणि लोक गोळ्यासुद्धा घरी घडवू लागले. आयडाहोतल्या लुइस्टनमध्ये व्हर्नन स्पिअर टू-टूच्या वापरलेल्या पुंगळ्यांचंच कवच करून गोळ्या बनवत होता. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टनने १९४३मध्ये गोळ्या घडवायच्या साच्यांवर ‘आरसीबीएस’ उभी केली. पुढे तिचा ‘रॉक चकर’ प्रेस इतका चालला, की आजही नवशिक्याला डोळे मिटून सुचवला जातो. ओतीव लोखंडाची चौकट, लांब दांडा, खाली दट्ट्या, वर डाय. डायच्या आट्यांचं माप सात-अष्टमांश इंच, इंचाला चौदा आटे, हे हळूहळू सगळ्यांनी स्वीकारलं. माझ्या मते वेगाच्या इतिहासातली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. एका कंपनीची डाय दुसरीच्या यंत्रात बसते, म्हणून यंत्र बदलताना आधीचा खर्च वाया जात नाही.

रिचर्ड लीने १९५८मध्ये विस्कॉन्सिनमध्ये उलटी वाट धरली: हातोडीने ठोकायचा छोटा, स्वस्त संच. वेग काहीच नाही, पण हजारो लोक या छंदात आले ते त्यामुळे.

एका डायच्या प्रेसवर शंभर काडतुसं भरायची तर शंभर पुंगळ्या आधी पहिल्या डायखालून काढायच्या, मग डाय बदलून पुन्हा त्याच शंभर. म्हणजे आता वेळ जात होता पुंगळी उचलण्या-ठेवण्यात. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइड डाय आल्या आणि त्यांना तेल लावून पुसण्याचं एक कंटाळवाणं काम कायमचं गेलं. तुलनेने थोड्या पैशांत एवढा वेळ वाचवणारी दुसरी खरेदी मला ठाऊक नाही. उचल-ठेव टाळायचा उपाय सॅन दिएगोच्या ‘स्टार’ यंत्राने १९३०च्या दशकातच दाखवला होता: पुंगळ्या गोल तबकडीवर फिरतात आणि दांड्याच्या प्रत्येक खेपेला एक तयार काडतूस पडतं. पण ते महागडं यंत्र घरांपेक्षा पोलीस खात्यांकडेच जास्त दिसे.

मे १९७६मध्ये मिसुरीतल्या कोलंबियात ‘आयपीएससी’ ही नेमबाजी संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. पळत, वळत, घड्याळाशी झुंजत पिस्तूल चालवायच्या या खेळात सराव म्हणजे आठवड्याला शेकडो बार. ती भूक ओळखली वैमानिक असलेल्या माइक डिलन यांनी. आधी त्यांनी स्टारवर रायफलीची काडतुसं भरता यावीत म्हणून जोडसंच बनवले, मग ॲरिझोनात स्वतःची यंत्रं. १९८०च्या दशकातला त्यांचा ‘५५०’ अजून विकला जातो आणि माझ्या बाकावरही तोच आहे. डाव्या हाताने गोळी पुंगळीच्या तोंडावर ठेवायची, उजव्या हाताने दांडा खाली ओढायचा. त्या एकाच ओढीत चार जागी चार कामं होतात. दांडा वर नेऊन थोडा पुढे रेटला की प्राइमर बसल्याचं तळहाताला कळतं. मग अंगठ्याने तबकडी एक घर पुढे.

ही तबकडी हाताने फिरवायची की आपोआप फिरावी, यावर लोक तावातावाने भांडतात, आणि भांडण योग्यच आहे. थर्टी-एट स्पेशलच्या उंच पुंगळीत दारूचं माप तळाशीच राहतं; तबकडी फिरवायची राहून चुकून दोनदा पडलं तरी वरून सहज कळत नाही, आणि तो बार बंदूक फोडू शकतो. दारू पडलीच नाही तर गोळी नळीत अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटू शकते. डिलनच्याच आपोआप फिरणाऱ्या ‘६५०’मध्ये पाच जागा आहेत, म्हणून दारूची पातळी तपासणारी डाय तिथे बसते. माझं ठाम मत आहे की वेगवान यंत्रावर ही तपासणी ऐच्छिक मानूच नये. आणि ५५० घेतला तर प्रत्येक पुंगळीत डोकावता येईल असा दिवा आधी लावावा.

दांडा झपाझप चालू लागल्यावर खोळंबा प्राइमरच्या नळीवर आला. शंभर प्राइमर थाळीत सुलटे करायचे, नळीच्या टोकाने एकेक टिपायचे. सराव असला तरी त्यात मिनिटं जातात. यावर सोपा उपाय म्हणजे पाच-सहा नळ्या आधीच भरून ठेवणं. रायफलीत प्रकार वेगळाच. तिथे पुंगळी दर खेपेला लांबते, ती कापावी लागते, आणि हाताने फिरवायच्या कटरवर संध्याकाळ जाते. अशा माणसाला महागडा प्रेस घेऊन काय साधणार? त्याचे पैसे मोटरवर चालणाऱ्या कटरवर जायला हवेत. लांब पल्ल्याचा नेमबाज तिसराच: तो दारू ग्रेनच्या अंशापर्यंत तोलतो (एक ग्रेन म्हणजे पाउंडाचा सात हजारावा भाग), आणि त्याचा वेळ वाचवतो इलेक्ट्रॉनिक काटा.

गेल्या दशकभरात दांड्याला मोटर जोडणारेही वाढले. त्यात नाव कमावलेली ‘मार्क ७’ आता लायमनकडे आहे. २०१९मध्ये डिलन यांच्या कंपनीने ६५०च्या जागी ‘७५०’ आणला. त्यातला ठळक बदल होता प्राइमर देण्याच्या रचनेत.

आणि २०२०मध्ये प्राइमरच मिळेनासे झाले. साथीच्या काळात बंदुकांची मागणी उसळली, रेमिंग्टनने त्याच जुलैत दिवाळखोरी जाहीर केली, आणि तासाला हजार काडतुसांची बढाई असलेली यंत्रं गॅरेजमध्ये कापडाखाली गेली. ज्यांनी स्वस्ताईच्या वर्षांत यंत्राची पुढची पायरी न चढता तेवढ्याच पैशांचे प्राइमर कोरड्या, थंड जागी, नियमात बसेल तेवढेच साठवले होते, ते लोक त्या टंचाईतही शनिवारी मैदानावर दिसत होते, बहुतेक जुन्या एकडायी प्रेसवर भरलेली काडतुसं घेऊन.