खोक्यावर मिरज, आत कुठलं?

सकाळी सात

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरलेलं गिऱ्हाईक आमच्या सतारमेकर गल्लीत फळ्या निघायच्या आधीच पायरीवर येऊन बसतं. शेजारी गवसणीत तंबोरा. "चाचा, हा मिरजेचाच ना?" हल्ली दिवस या प्रश्नानं उजाडतो. तंबोरा ऑनलाइन मागवलेला असतो, भोपळ्यावर 'अस्सल मिरज' अशी चकचकीत चिठ्ठी. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. मी चिठ्ठी शेवटी बघतो. आधी भोपळ्यावर टिचकी, मग दांडीचा बाक, मग गळ्याचा जोड.

साडेआठ

कच्चं काम. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, तूनचं लाकूड कर्नाटकातलं. भोपळा कापायचा, भिजवायचा, आतून खरवडायचा, आकार देऊन पुन्हा वाळवायचा. यात घाई केली की वर्षभरानं तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी) बोलते, म्हणजे तडकते.

या वेळी कुणी आलं तर त्याला सगळं उघडं दिसतं: लाकडाची शीर, गाठ, भोपळ्याची जाडी. एकदा फटी बुजल्या आणि रंग-पॉलिश चढलं की तून कुठलं आणि हलकं लाकूड कुठलं, हे शिकाऊ गायकाला कळायचं कसं? तिथंच चिठ्ठीचं फावतं.

अकरा

चहा, आणि चहाबरोबर मानांकनावरची चर्चा. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडं बनलेला माल मिरजेच्या नावानं खपवतात, ही ओरड त्याआधी कित्येक वर्षं होती. आता अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. खोटं लावलं तर १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड.

पण मानांकन गाव सांगतं, हात सांगत नाही. सुमार तंबोरा मिरजेतही बनतो. हे मी गल्लीत बसून म्हणतोय, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

इथले आद्य कारागीर फरीदसाहेब यांच्या काळात, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, हत्यारं घडवणारे शिकलगार या कामात आले, तेव्हा चिठ्ठी नव्हती. पटवर्धनांचं संस्थान होतं, गवई दारात येत होते. वाद्य बिघडलं तर बनवणारा समोर बसलेला. आता बनवणारा आणि वाजवणारा यांच्यात तिघं-चौघं उभे असतात, आणि प्रत्येकाच्या हातात एक विशेषण.

दुपारी एक

नमाज, भाकरी, थोडं आडवं होणं.

तीन

जवारीची वेळ. तेव्हा गल्लीत स्कूटर वाजली तरी मला राग येतो. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा कानस फिरवून किंचित गोल करायचा, तार लावायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, तार काढायची, पुन्हा कानस. एक स्वर छेडला की त्यातून बाकीचे सूर फुटले पाहिजेत. हे कुठल्याच चिठ्ठीवर छापता येत नाही. छापतात ते 'कॉन्सर्ट क्वालिटी', आणि त्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

घोडीवरची थाप तर भारीच. 'अस्सल सांबरशिंगाची घोडी' असं अजून कुठं कुठं लिहितात. सांबरशिंगाच्या विक्रीला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे एकतर चिठ्ठी खोटी, नाहीतर धंदा बेकायदा. तिसरी शक्यता नाही. आता घोडी उंटाच्या हाडाची, काळ्या लाकडाची किंवा कृत्रिम पदार्थाची असते, आणि तसं सरळ सांगायला लाज कसली? कृत्रिम घोडीवरही चांगली जवारी निघते.

साडेपाच

खोकी भरणं आणि बिलं. बिल मुलगा लिहितो, मी सांगतो: लाकूड तून, घोडी हाडाची, तारा चार, बनवलं मिरजेत, बनवणाऱ्याचं नाव. सकाळचं गिऱ्हाईक बघत उभं असतं. त्याच्या बिलावर नुसतं 'तानपुरा, १ नग'.

मी त्याला सांगतो, बाबा, तुझा तंबोरा मिरजेचा नाही. गळ्याचा जोड आमचा नाही आणि तबली प्लायवूडची आहे. जवारी करून देतो, पण प्लायवूडचं तून होणार नाही.

मग तो विचारतो, पैसे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटा माल खरा म्हणून विकणं बसतं, बिल न देणंही अनुचित व्यापारी प्रथेत बसतं. विकणारा कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ वर फोन करून बघावा, तेवढ्यानंही पुष्कळ दुकानदार नरमतात.

रात्री आठ

फळ्या लावतो. वाचणाऱ्यांपैकी कुणी मुलीसाठी तंबोरा घेणार असेल तर एवढं करा: विक्रेत्याच्या पानावरचं वर्णन त्याच दिवशी छापून ठेवा, आणि लाकूड, घोडी, गाव, कारागीर या चारही गोष्टी बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कां-कूं करील, त्याच्याकडून घेऊ नका.