शेजाऱ्यांचा प्रश्न, विद्यापीठाचे संशोधन

फिलाडेल्फिया म्हटले की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ मध्ये त्या याच शहरातील विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या. या शहराची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेतील पहिले वैद्यकीय विद्यालय १७६५ मध्ये येथेच सुरू झाले आणि आज ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा भाग आहे. ‘पेन’ या छोट्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाची रुग्णालये जगात नावाजलेली आहेत. त्यांच्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर वेस्ट फिलाडेल्फियातील गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आहेत. तेथे मधुमेह आणि उच्च रक्तदाब मोठ्या प्रमाणावर आढळतात आणि गोळीबारात तरुणांचे जीव जातात. इतके चांगले डॉक्टर हाकेच्या अंतरावर असूनही शेजाऱ्यांची प्रकृती का सुधारत नाही, हा प्रश्न या विद्यापीठासमोर अनेक वर्षे उभा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर अविश्वासात सापडते आणि त्या अविश्वासाला कारणे आहेत. १९६० च्या दशकात शहराच्या पुनर्विकासाच्या नावाखाली विद्यापीठालगतची ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती पाडण्यात आली आणि हजारो लोक विस्थापित झाले. तिच्या जागी संशोधन संस्था आणि विद्यापीठाशी संबंधित इमारती उभ्या राहिल्या. दुसरी आठवण त्याहून कडू आहे. याच विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७४ पर्यंत शहरातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर औषधांचे, सौंदर्यप्रसाधनांचे आणि विषारी रसायनांचेही प्रयोग केले. त्या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. ज्यांच्या घरात या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, ते संशोधकाला सहजासहजी दार उघडत नाहीत.

विद्यापीठाने वस्तीत जाऊन काम करायचे तर कसे, याचा वेगळा विचार १९८५ च्या सुमारास सुरू झाला. इतिहासकार आयरा हार्कावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन परिसरातील शाळांबरोबर काम हाती घेतले. १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, तेच आजचे नेटर सेंटर. त्यामागची कल्पना सोपी होती. वर्गात शिकवायचा विषय वस्तीतल्या खऱ्या अडचणीतून निवडायचा आणि तिच्यावरचा उपाय शाळा, शिक्षक आणि रहिवासी यांच्यासोबत शोधायचा. त्यामुळे वस्तीतले काम ही सुटीच्या दिवशी करायची समाजसेवा राहत नाही. ते अभ्यासक्रमाचाच भाग होते आणि प्राध्यापकालाही त्यात संशोधन करता येते.

याचे पहिले ठळक उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्सिस जॉन्स्टन यांचे आहे. मुलांची वाढ आणि पोषण हा त्यांचा विषय. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी आपला एक अभ्यासक्रम जवळच्या टर्नर मिडल स्कूलभोवती नव्याने बांधला. विद्यापीठातले विद्यार्थी आणि शाळेतली मुले मिळून आपण रोज काय खातो याची नोंद करू लागली. मुले गणित शिकली ती स्वतःच्या आहाराच्या आकड्यांवरून. पुढे शाळांत भाजीपाल्याच्या बागा लावल्या गेल्या आणि शाळा सुटल्यावर मुलेच फळांचे छोटे स्टॉल चालवू लागली. ज्या वस्तीत चिप्स आणि गोड पेये कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात पण ताजी फळे मिळत नाहीत, तेथे या स्टॉलचे मोल मोठे होते. अशाच एका अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांनी मांडलेल्या कल्पनेतून सेयर या माध्यमिक शाळेच्या इमारतीत २००७ मध्ये आरोग्यकेंद्रही सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांसोबत आसपासच्या रहिवाशांनाही उपचार मिळतात.

रहिवाशांची आणखी एक तक्रार होती, आणि ती वरवर पाहता आरोग्याशी संबंधित वाटत नव्हती. ती होती पडीक भूखंडांची. फिलाडेल्फियातले कारखाने बंद पडले, लोक शहर सोडून गेले, रिकामी घरे पाडली गेली. त्यातून शहरभर सुमारे ४० हजार मोकळे भूखंड उरले. तेथे कमरेएवढे गवत वाढायचे, कचरा पडायचा, झुडपांत बंदुका लपवल्या जायच्या. तेथून जाताना भीती वाटते, असे लोक सांगत. पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी ही संस्था आधीपासूनच असे भूखंड स्वच्छ करत होती. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवत पेरायचे, दोनचार झाडे लावायची आणि भोवती बुटके लाकडी कुंपण घालायचे, एवढेच हे काम. एका भूखंडाला साधारण १,६०० डॉलर आणि नंतरच्या देखभालीला वर्षाला सुमारे १८० डॉलर लागत.

याने खरोखर फरक पडतो का, हे पेनच्या संशोधकांनी औषधाची चाचणी घ्यावी तसे तपासले. ५४१ भूखंड निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटात पूर्ण हिरवळ केली, दुसऱ्यात फक्त कचरा उचलून गवत कापले, तिसरा गट होता तसाच ठेवला. आसपास राहणाऱ्या लोकांच्या मुलाखती आधी आणि नंतर घेतल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरवळ केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांत ‘मन उदास असते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीही न केलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसता कचरा उचललेल्या जागांजवळ असा ठोस फरक दिसला नाही. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी कमी झाले. या संशोधनातील एक प्रमुख संशोधक डॉ. युजीनिया साउथ या तातडीच्या उपचार विभागातल्या डॉक्टर. त्यांनी त्याआधीच्या एका छोट्या अभ्यासात रहिवाशांना हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र लावून त्यांच्याच गल्लीतून चालायला लावले होते. हिरवळ केलेल्या जागेजवळ आल्यावर त्यांचे ठोके मंदावत. भीतीचा ताण शरीर कसा सोसते, हे त्यातून दिसले.

तिसरे उदाहरण रुग्णालयातले आहे. गरीब रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा आजारी पडून का परत येतात, हे डॉ. श्रेया कांगोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांनाच विचारले. मुलाखती घ्यायला वस्तीतलीच माणसे नेमली. रुग्णांनी सांगितले की डॉक्टर जे करायला सांगतात ते आमच्या घरात जमत नाही, आणि आमची परिस्थिती त्यांना कळत नाही. त्यावरून ‘इम्पॅक्ट’ हा कार्यक्रम आखला गेला. वस्तीतल्याच, ऐकून घेण्याची सवय असलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन पगारावर नेमले. ते रुग्णाला विचारतात, ‘बरे होण्यासाठी तुम्हाला कशाची मदत हवी आहे?’ उत्तर कधी औषधाचे असते, कधी घरभाड्याचे, कधी दवाखान्यापर्यंत जायच्या गाडीचे. ४४६ रुग्णांच्या चाचणीत, घरी गेल्यावर दोन आठवड्यांत नेहमीच्या डॉक्टरकडे जाणाऱ्यांचे प्रमाण अशा सोबतीमुळे ४८ वरून ६० टक्क्यांवर गेले. पुढे २०२० मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा या कार्यक्रमावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचे २.४७ डॉलर वाचतात असे दिसले.

मात्र अशा उपक्रमांनी सगळेच प्रश्न सुटत नाहीत. विद्यापीठाच्या मदतीने २००१ मध्ये सुरू झालेली एक सरकारी शाळा इतकी चांगली निघाली, की तिच्या हद्दीतली घरे महागली आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तेथे राहणे अवघड झाले. धर्मादाय संस्था म्हणून विद्यापीठ मालमत्ता कर भरत नाही, आणि शहरातल्या सरकारी शाळा बऱ्याच अंशी त्याच करावर चालतात. यावर रहिवासी, विद्यार्थी आणि प्राध्यापकही वर्षानुवर्षे बोट ठेवत आले. २०२० मध्ये विद्यापीठाने सरकारी शाळांच्या इमारतींतले शिसे आणि अ‍ॅस्बेस्टॉस काढण्यासाठी दहा वर्षांत १० कोटी डॉलर द्यायचे जाहीर केले. टीकाकारांच्या मते ही रक्कम देय करापेक्षा कमीच आहे. तरीही शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम पाहता, तो आरोग्यासाठीच केलेला खर्च आहे.

आपल्याकडे हे सारे अगदीच परके नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले होते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांची शहरी आरोग्यकेंद्रे झोपडपट्ट्यांच्या शेजारी आहेत आणि दर वर्षी विद्यार्थी तेथे सर्वेक्षणासाठी जातात. त्या सर्वेक्षणातले प्रश्न बहुतेक वेळा आधीच छापलेले असतात. आजूबाजूच्या बायकांना, रिक्षावाल्यांना, शाळेतल्या मुलांना ‘तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती?’ असे विचारून यादी केली, तर तिच्यात नळाला पाणी कधी येते, गटार उघडे का आहे, दवाखान्याची वेळ कामाच्या वेळेशी का जुळत नाही, हेच प्रश्न आधी येतील. त्यांतला एक जरी घेऊन वर्षभर काम केले आणि निष्कर्ष वस्तीत परत जाऊन सांगितला, तर पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणाला दारे थोडी अधिक उघडतील.